आधी बघ, गाडं अडलंय कुठं

परवा रात्री साडेदहाला तुझा फोन आला आणि तू नुसतीच मुसमुसत होतीस. माझ्या पोटात गोळाच आला गं. वाटलं, नागोठण्यात अंबा नदीला पूर आला, बाजारपेठेत पाणी शिरलं. मग आठवलं, दिवाळी तोंडावर आलीय, आता पूर कसला! तुझा हुंदका ओसरल्यावर कळलं की पूर आला तो नववीच्या सहामाहीच्या निकालाचा. बीजगणितात 40 पैकी 9, भूमितीत 12, आणि इंग्रजीत काठावर. त्यावर तुझा नवरा मुलाला म्हणाला, "उद्यापासून शाळा बंद, ये माझ्याबरोबर कंत्राटदाराकडे." पोरगा न जेवता झोपला आणि तूही उपाशीच.

बाय, आता शांतपणे ऐक. हे सगळं माझ्या घरात चार वर्षांपूर्वी होऊन गेलंय. तुला तेव्हा बोलले नाही, लाज वाटली म्हणून. माझा थोरला नववीत असताना बीजगणितात 11 मार्क घेऊन आला होता. मी काय केलं माहितीय? त्याला ओट्याशेजारी पाटावर बसवलं, एका हाताने भाकरी थापत होते आणि दुसऱ्या हाताने लाटणं उगारत होते. मला स्वतःला दहावीला गणितात 38 होते, हे काय तुला वेगळं सांगायला हवं! पण आव असा, जणू मी आर्यभटाच्या घरातली. तो जितका चुकायचा तितका माझा आवाज चढायचा, आणि आवाज चढला की त्याला सात आठे सुद्धा आठवेना.

पुढे कुठंतरी वाचलं की शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी 2015 साली पहिली-दुसरीच्या मुलांवर एक अभ्यास केला होता. ज्या आईबापांना स्वतःलाच गणिताची धास्ती आहे, ते जितक्या जास्त वेळा मुलाचा गणिताचा गृहपाठ घ्यायला बसतात, तितकं ते मूल वर्षभरात कमी शिकतं आणि त्याचीही धास्ती वाढते. ही गोष्ट लहान मुलांची आहे खरी, पण वाचताना मला माझं लाटणंच दिसलं.

मग मी दुसरी चूक केली. इथं पेणमध्ये एक क्लास लावला, पैसे भरून. क्लासवाल्यांना नववीचा पोर्शन संपवायचा होता आणि माझ्या मुलाचं घोडं अडलं होतं सहावीत. त्यांनी शिकवलेलं त्याच्या डोक्यावरून जायचं आणि हा वहीत सुंदर अक्षरात उतरवून आणायचा. मी वही बघून खूश!

आता तू विचारशील, कळलं कधी? एका संध्याकाळी मी मटार सोलत होते, हा पुस्तकातलं गणित मोठ्याने वाचत होता. आठवीपासून सेमी इंग्रजी, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी सगळं मराठीतून. तुझ्याकडेही तेच आहे. वाचता वाचता 'फाइंड द प्रॉडक्ट' असं काहीतरी आलं. मी सहज विचारलं, "प्रॉडक्ट म्हणजे काय रे?" तो म्हणाला, "बाबांच्या कंपनीत बनतं ते."

मी हसले नाही, रडलेही नाही. शेंगा तशाच ठेवल्या आणि म्हटलं, "बरं, आता पुढचं वाच." गुणाकार करायला सांगितलाय हे त्या मुलाला कळलंच नव्हतं! गुणाकार त्याला येत होता गं, झोपेतसुद्धा आला असता. मला आजवर वाटत होतं की गणित एक आणि इंग्रजी दुसरं, अशी दोन दुखणी आहेत. निघालं भलतंच. दुखतंय एकीकडे आणि मी शेक देतेय दुसरीकडे.

म्हणून म्हणते, क्लासची चौकशी करण्याआधी, मुलावर ओरडण्याआधी एवढं शोधून काढ, की गणित अडलंय की इंग्रजी. याला तुला गणित यायची गरज नाही आणि इंग्रजी तर नाहीच नाही.

बालभारतीचं गणिताचं पुस्तक मराठी माध्यमाचं आणि इंग्रजी माध्यमाचं वेगळं नसतं. तीच प्रकरणं, तीच उदाहरणं, फक्त भाषा बदललेली. शेजारच्या मराठी माध्यमातल्या मुलाकडून मराठी पुस्तक माग, नाहीतर बालभारतीच्या संकेतस्थळावरून मोबाइलवर फुकट उतरवून घे. दोन्ही पुस्तकं शेजारी शेजारी उघडी ठेव. इंग्रजीतलं एक शाब्दिक उदाहरण त्याला सोडवू दे. अडला, की तेच उदाहरण मराठी पुस्तकातून तू मोठ्याने वाच. तुला वाचता तर येतं ना? मराठीतून ऐकल्यावर सुटलं, तर गणित बरं आहे, भाषा अडवतेय. मराठीतूनही नाही सुटलं, तर खालची पायरी निखळलीय. अशी दहा उदाहरणं दोन संध्याकाळी घे, आणि प्रत्येकासमोर 'भा' किंवा 'ग' लिही. तुझ्या हातात अशी यादी येईल, जी कुठल्याही क्लासवाल्याकडे नाही.

आता 'भा' जास्त निघाले तर घाबरू नकोस, ते लवकर सुटतं. गणितातली इंग्रजी फार थोड्या शब्दांची असते. प्रॉडक्ट, डिफरन्स, रेशो, मीन, रूट, पॉवर, ॲट लीस्ट, रिस्पेक्टिव्हली असे पन्नास-साठ शब्द झाले की गाडी चालते. यातले निम्मे शब्द मुलांना दुसऱ्याच अर्थाने माहीत असतात, गोम तिथं आहे. पॉवर म्हणजे लाइट, रूट म्हणजे एसटीचा मार्ग, प्रॉडक्ट म्हणजे कंपनीतला माल. तुमच्या नागोठण्यासारख्या कंपन्यांच्या गावात तर हे व्हायचंच! एका जुन्या वहीत हे शब्द, समोर मराठी, आणि त्याखाली एक छोटं उदाहरण त्यालाच लिहायला लाव. गाईडमधून नाही, त्याच्या मनाने.

आणि शब्दांच्या क्रमाकडे लक्ष दे. आपण म्हणतो, '12 मधून 5 वजा कर.' आधी 12, मग 5, लिहायचंही तसंच. इंग्रजी म्हणते, 'सबट्रॅक्ट फाइव्ह फ्रॉम ट्वेल्व्ह.' मुलगा कानावर पडेल तसं लिहितो, 5 वजा 12, आणि उत्तर ऋण येतं. बाईंनी फुली मारली की आपण म्हणतो, याला वजाबाकी येत नाही. अगं, वजाबाकी येते, 'फ्रॉम' येत नाही. उलटाही घोटाळा आहे. मराठीत सत्तावीस म्हणताना सात आधी येतो आणि लिहिताना दोन आधी. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस सात' असंही म्हणून दाखवलं, तर केवढा गदारोळ झाला, आठवतं? लोकांनी थट्टा केली. त्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. मला तेव्हा तो प्रकार मुळीच आवडला नव्हता, एकवीस-बावीस म्हणण्यात आपली भाषा आहे असं मी तावातावाने बोललेही होते. आजही एकवीसच म्हणते. पण मुलं 27 चे 72 का करतात हे त्या बाईंना कळलं होतं, मला कळलं नव्हतं. लग्नानंतर, मुलींना वाढवत वाढवत त्यांनी 1981 मध्ये गणितात पीएच.डी. मिळवली. त्यांचं 'गणितगप्पा' पुस्तक वाचनालयात मिळालं तर आण, रात्री दोन पानं तूच वाच. मुलाला दे म्हणत नाहीये मी, तुझ्यासाठी आण.

आता 'ग' निघाले तर. तेव्हा पायऱ्या उतरायच्या, लाज न बाळगता. नववीतल्या मुलांचं गाडं बहुतेक वेळा दोन जागी रुतलेलं असतं, अपूर्णांक आणि ऋण संख्या. त्याला एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश विचार. दोन पंचमांश म्हणाला, तर पाचवी-सहावीचं पुस्तक काढ. उणे 3 उणे 5 विचार. अधिक 8 म्हणाला, तर 'मायनस मायनस प्लस' हे त्याने गुणाकाराचं पाठ केलेलं सूत्र इथं लावलंय. मी माझ्या मुलाला विचारलं होतं, "वाण्याकडे तीन रुपये उधारी होती, आज आणखी पाचाची झाली, तर वाणी तुला आठ रुपये देणार का?" तो इतका हसला! दोन मिनिटांचं काम होतं गं, आणि ते तीन वर्षं कुणीच केलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

खाली उतरायचं म्हटलं की मुलं चिडतात. "मी काय पाचवीत आहे का?" म्हणून पुस्तक त्याच्यासमोर आपटायचं नाही. तुझी धाकटी सहावीत आहे ना? तिला अपूर्णांक शिकवायचं काम त्याला दे. रोज पंधरा मिनिटं. दादा म्हणून तो ऐटीत शिकवेल, आणि शिकवता शिकवता त्याचंच बूड पक्कं होईल. ही युक्ती माझी नाही, आपल्या आईची आहे. मला पाढे पाठ व्हावेत म्हणून तिने तुला माझ्याकडे बसवलं होतं, तुला वाटायचं तुझ्यासाठी!

आणि एकटा तुझाच मुलगा असा नाही. 'प्रथम' संस्थेचा 'असर' अहवाल असतो बघ, त्यांनी 2023 साली देशभरातल्या काही जिल्ह्यांतली 14 ते 18 वयाची खेड्यातली मुलं तपासली. तीन आकडी संख्येला एक आकडी संख्येने भागायचं साधं उदाहरण फक्त 43.3 टक्के मुलांना जमलं. इंग्रजी वाक्य वाचता आलं 57.3 टक्के मुलांना, आणि वाचणाऱ्यांतल्याही चौथाईहून थोड्या जास्त मुलांना अर्थ सांगता आला नाही. हे आकडे मी तुला समाधान वाटावं म्हणून सांगत नाही. तुझा मुलगा मठ्ठ आहे, हे जे घरात चाललंय ना, ते थांबावं म्हणून सांगतेय.

त्यावरून आठवलं. तुझ्या दिरांना सांग, मुलाच्या तोंडावर सारखं सी. डी. देशमुखांचं नाव फेकू नका. "आपल्या रोह्याचे बघ, 1912 ला मॅट्रिकला पहिले आले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, आणि तू?" गेल्या दिवाळीत मी ऐकलं ते, आणि पोराचा चेहराही बघितला. देशमुखांचं सांगायचंच तर हे सांगा ना, की आकड्यांत बुडालेल्या त्या माणसाने कालिदासाचं मेघदूत मराठीत आणलं. आकडे आणि भाषा यांचं वैर नसतं एवढं तरी पोराला कळेल.

आता तुझं ते रडगाणं, "ताई, मी काय शिकवणार, मला येत नाही." तुझ्या घरात किती गणित पडलंय ते तुला दिसत नाही. तुझ्या सासऱ्यांना विचार, भरती किती वाजता? ते कॅलेंडरात तिथी बघतील आणि क्षणात सांगतील. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पंचमीला पावणेचार. हा खाडीच्या तोंडाचा ठोकताळा, वर नागोठण्यापर्यंत पाणी चढायला आणखी वेळ लागतो, तोही ते बोटांवर मिळवतात. शाळा चौथीपर्यंतची, पण त्यांच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी पाठ. आता तुझा मुलगा ज्याला घाबरतो ते 'दोन चलांतील रेषीय समीकरण' म्हणजे दुसरं काय आहे? तिथीला क्ष म्हण, वेळेला य म्हण, य बरोबर तीन चतुर्थांश क्ष. आलेख काढला तर सरळ रेघ येते. नातवाला आजोबांजवळ बसव, आजोबा वेळ सांगतील, नातू आलेखावर ठिपके देईल. दोघांनाही मजा वाटेल.

इकडे पेणला तर गणपतीच्या कारखान्यात भूमिती उघड्यावर पडलेली असते. थोरल्याला एका कारखान्यात नेलं आणि तिथल्या कारागिरांनी त्याला विचारलं, एक फुटाच्या भरीव मूर्तीला अडीच किलो माती लागली तर तश्शाच दोन फुटांच्या मूर्तीला किती? तो म्हणाला पाच. ते हसले, म्हणाले वीस. उंची दुप्पट म्हटल्यावर रुंदी दुप्पट, जाडीही दुप्पट, म्हणजे माती आठपट. आणि रंग? रंग चौपट. समरूपता आणि महत्त्वमापन ही दहावीची दोन प्रकरणं एका मूर्तीत बसली. कारागिरांनी सूत्र सांगितलं नाही, मातीचा गोळाच हातात दिला.

आणि दहावीत 'अर्थनियोजन' म्हणून प्रकरण आहे, त्यात जीएसटी आहे. तुझा नवरा हार्डवेअरच्या दुकानातून बिलं आणतो ना? त्यावर केंद्राचा कर आणि राज्याचा कर वेगळा लिहिलेला असतो. मुलाला म्हण, "हे बिल बरोबर आहे का बघ रे, बाबांना फसवलं असेल." पोरं बापाची बाजू घ्यायला मिळाली की किती मन लावून हिशेब करतात!

इंग्रजीकडे येते. इथं माझं मत जरा कडक आहे, राग मानू नकोस. आपल्या वेळी ए बी सी डी पाचवीत सुरू व्हायची, या मुलांना 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. नऊ वर्षं शिकून मुलगा एक वाक्य बोलत नाही, कारण त्याने इंग्रजी नुसती उतरवलीय. गाईडमधून वहीत, वहीतून पेपरात. 'अपेक्षित' प्रश्नसंच दहावीच्या शेवटच्या दोन महिन्यांत सरावाला ठीक, नववीत घरात आणूच नको.

त्याऐवजी रोज दहा मिनिटं, तू भाकऱ्या करताना, त्याने कोर्सबुकमधला धडा मोठ्याने वाचायचा. तुला कळो न कळो, तू फक्त ऐक. कुठं अडखळतो, कुठं आवाज पडतो, कुठं शब्द गिळतो, ते कानाला कळतंच. अडखळला तिथं पेन्सिलने टिंब करायला सांग. वाचून झालं की म्हण, "आता मला मराठीत सांग काय झालं ते." एवढंच. मधे टोकायचं नाही, उच्चारावरून तर अजिबात नाही. इंग्रजी शब्दांवर तो बारीक अक्षरात मराठी उच्चार लिहितो, त्यावरून तू ओरडलीस म्हणे. लिहू दे गं. एक धडा तीनदा वाचून झाला की खोडरबर हातात दे आणि म्हण, आता पुसून वाच.

लिहिण्याचं म्हणशील तर मुळातली अडचण एकच. आपलं क्रियापद शेवटी, त्यांचं मधे. 'मी भात खातो' हे मुलगा 'आय राइस ईट' असं जुळवतो. हे दहा निबंध पाठ करून जात नाही, रोजच्या पाच वाक्यांनी जातं. आज शाळेत काय झालं, पाच वाक्यं, चुकलेली चालतील. पाठ केलेलं एकही चालणार नाही. आठवड्याची वही शाळेतल्या बाईंना दाखव. पालकसभेला जाऊन "आमचा कसा आहे?" असं मोघम विचारू नकोस, त्या 'लक्ष द्या' म्हणतील आणि तू रडत घरी येशील. 'भा' आणि 'ग'ची यादी ने आणि विचार, "बाई, ही दोन प्रकारची उदाहरणं अडतात, मधल्या सुट्टीत दहा मिनिटं द्याल का?" नेमकं विचारणाऱ्या आईला शिक्षक सहसा नाही म्हणत नाहीत.

बापाचंही काम आहे. तुझ्या नवऱ्याची पगाराची स्लिप, पीएफचा मेसेज, गेटपासवरच्या सूचना, गॅसच्या टँकरवर लिहिलेलं, सगळं इंग्रजीत. त्याला म्हण, महिन्याची स्लिप मुलाकडून वाचून घे. बापाने मुलाला "हे काय लिहिलंय रे?" असं विचारलं की मुलगा एका रात्रीत वीतभर वाढतो. कंत्राटदाराकडे नेईन अशा धमकीने तो वाढत नाही. अन् खरं सांगू? तुझा नवरा रागावला नव्हता गं, घाबरला होता. स्वतः कंत्राटावर आहे, परमनंट झाला नाही, त्याचं दुखणं ते. त्याच्याशीही जरा मऊ बोल.

मोबाइलबद्दल विचारलंस. काढून घेऊ नकोस, जागा ठरव. ओट्यावर, सगळ्यांसमोर. झालं, त्यावर मला जास्त बोलायचं नाही. सगळी दुनिया त्यावरच बोलतेय.

हां, तुझ्या जाऊबाईंची मुलगी आठवीत आहे ना? तिला एनएमएमएसच्या शिष्यवृत्ती परीक्षेला बसवायला सांग. अनुदानित शाळेत आहे, आणि घरचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत असेल तर चालतं. निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला 12,000 रुपये. फॉर्म शाळेतूनच भरतात. बौद्धिक चाचणीचे 90 प्रश्न असतात, कोडी सोडवायची सवय लागते ती वेगळीच.

माझ्या थोरल्याचं पुढे काय झालं ते तू विचारणारच. दहावीला गणितात 61 पडले. काही पेढे वाटण्याजोगे नव्हेत, तरी मी वाटले. पण त्याआधी एक गोष्ट झाली ती सांगते. नववीच्या वार्षिक परीक्षेच्या आदल्या रात्री तो मला म्हणाला, "आई, तू बस ना जवळ. काही विचारू नको, नुसती बस." मी मेथी निवडत बसले. रात्री बाराला त्याने वही मिटली आणि म्हणाला, "एक उदाहरण नाही आलं." मी म्हटलं, "मलाही नाही आलं." दोघं हसलो आणि झोपलो.

रविवारी येतेय मी, सकाळच्या दिवा-रोहा मेमूने. दोन्ही माध्यमांची पुस्तकं काढून ठेव. मी शिकवणार नाहीये, मला काय येतं! मी नुसतं तुला दाखवेन, 'भा' आणि 'ग' कसं लिहायचं ते. आणि भाचेबुवांना सांग, मावशीने विचारलंय, रविवारी तिथी कुठली आणि भरती किती वाजता, इंग्रजीत लिहून ठेव. आजोबांना उत्तर आधी विचारायचं नाही म्हणावं. पाणी चढायची वेळ बरोबर काढली, तर जिताडा आणायला मी त्यालाच बरोबर नेईन.